संगमेशच्या खिशातला कोड

लातूरच्या डाळ मिलमागच्या गल्लीत कुणाचाही मोबाइल अडला, की तो संगमेशच्या हातात जायचा. त्या सकाळी मात्र अडला होता त्याच्या बायकोचाच.

मंजुश्रीचा माहेरच्या नावाचा ईमेल लग्न झाल्यापासून उघडतच नव्हता. संगमेशनं नवा मेल काढून दिला, तिनंही जुन्याचा नाद सोडला. पण आज नांदेडहून मैत्रिणीचा फोन आला, "शाळेच्या मुलाखतीचा मेल मला आलाय, तुलाही आला असेल, बघ की गं!" अर्ज लग्नाआधीचा होता. त्यावर मेल जुनाच होता.

"नेट चालू हाय का?" संगमेशनं विचारलं.

"हाय की. फोनसुद्धा बंद करून चालू केला. पासवर्ड चुकीचा म्हणून राहिलाय, अहो."

"मग तूच विसरली असशील. तुम्हा बायकांचं ध्यान असतं कुठं?"

आपला फोन दाखवायला येऊन बसलेल्या शेजारच्या कस्तुराबाई हसल्या. मंजुश्री मान खाली घालून उभी राहिली.

संगमेशनं खातं फोनमधून काढलं, परत घालून बघितलं. कंपनीला दोन शिव्या हासडल्या. शेवटी 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट दाबलं. "आता कोड येईल. बघ तुझ्या फोनवर."

तिचा फोन गप्पच होता.

टिंग! आवाज आला तो संगमेशच्या शर्टाच्या खिशातून.

त्याचं तोंड उतरलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मित्र म्हणाले होते, "बायकोचा मेल आपल्याच हातात ठेवायचा. सगळेच ठेवतात." त्यानं गुपचूप पासवर्ड बदलला होता, नंबर आपला घातला होता. चार दिवस तिचे मेल वाचले. सापडलं काहीच नाही. मग तो चक्क विसरून गेला होता!

बाजूला डाळ निवडणाऱ्या त्याच्या आईचा, गौरम्मांचा हात थांबला. "संगमेश, तिच्या दाराची कडी तुझ्या खिशात कशी रे?"

"अव्वा, तिच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी? मग लपवलास कशाला? तुझे अप्पाबी माझ्या बहिणीची पत्रं आधी फोडून वाचायचे. माणूस लई मायेचा. पण तिचं उत्तर ते वाचतील म्हणून मी तिला खरं कधी लिहिलंच न्हाई. आता ती न्हाई. कुणाला लिहू?"

कस्तुराबाईंनी त्याच्यापुढचा आपला फोन हळूच उचलला. "माझं ऱ्हाऊ दे बाबा," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या कोडनं मेल उघडला. तिनं अर्ज केलेल्या उमरीच्या शाळेनंही मागेच बोलावलं होतं, ती तारीख उलटून गेली होती. नांदेडची मुलाखत गुरुवारी होती.

"उमरीला मी फोन करतो. चूक माझी हाय म्हणून सांगतो," संगमेश पुटपुटला.

"उमरीला मीच बोलेन," मंजुश्री शांतपणे म्हणाली. "नांदेडलाही मीच जाईन. तुम्ही एवढंच करा, तोंड तिकडं फिरवा. मला नवा पासवर्ड घालायचाय."

गल्लीभरचे फोन उघडून देणारा तो माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. कान लाल झाले होते. तिनं त्याचा नंबर काढून आपला घातला तरी त्याला मागं वळायचं धाडस झालं नाही.

वाचकहो, 'आमचा विश्वास आहे' म्हणायचं आणि कडी आपल्या हातात ठेवायची, ही माया नव्हे! बायको असो, लेक असो, तिचं दार तिनंच उघडावं. एकदा आपलाही खिसा चाचपून बघा. तिथं दुसऱ्या कुणाचा कोड वाजत असेल, तर आजच परत द्या. आणि ती नवा पासवर्ड घालेल तेव्हा न सांगता भिंतीकडं तोंड करा.