एकट्याला झेपेल अशी

गारखेड्यातल्या त्या दुकानात पाण्याच्या दाबानं धुवायची मशीन घ्यायला आलेला माणूस आधी प्रेशर विचारतो. मग पाणी किती ओढते, मोटार तांब्याची का, गॅरंटी किती, असं एकेक. पुंडलिकनं आत आल्या आल्या विचारलं, "हिचा आवाज किती व्हतो?"

दुकानदार अभय हातातला पाना घेऊन तसाच थांबला. "कशाचा आवाज, काका?"

"मशीनचा. चालू असताना माणसाला माणूस ऐकू येतो का?"

पुंडलिकची बायको कडूबाई त्याच्या मागून पायऱ्या चढत होती. पायऱ्या दोनच, पण दुसरीवर ती थांबली. चौकटीला हात टेकला आणि रस्त्यावर काहीतरी बघण्यासारखं आहे असं दाखवत श्वास गोळा करत राहिली. सांडलेले दाणे वेचावेत तसा, एक एक.

जन्मभर दोघांनी मिळून पाण्याचे हौद धुतले होते. या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी अंगणाखाली हौद. पाणी यायच्या आदल्या दिवशी हौद रिकामा असतो, तेवढीच धुवायची सवड. मग छावणीतून, गारखेड्यातून, कुठूनही पुंडलिकला बोलावणं यायचं. तो शिडी लावून आत उतरायचा आणि अंधारात भिंती घासायचा. कडूबाई हौदाच्या तोंडाशी बसून गाळाची बादली दोरानं वर ओढायची. आणि ओढता ओढता सारखी बोलत राहायची.

ती त्यांच्या कामाची रीत होती. बंद हौदातली हवा कधी दगा देईल, सांगता येत नाही. वरच्यानं साद घालायची, आतल्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर दोर टाकून माणसं गोळा करायची. बाकीच्या जोड्या नुसतं 'हाय का?' 'हाय' एवढंच करायच्या. कडूबाईला मात्र आईच्या जात्यावरून ओव्यांचा नाद लागलेला. ती साद गाण्यातच घालायची:

आंधारल्या हौदामंदी, उजेड वाटी वाटी
वरून माझी साद, खाली राजसाच्यासाठी

आणि खालून, खराट्याच्या खरखरीतून, राजसाची ओ यायची:

बादली वर घे आता, लई भरून आली पाठी

पुंडलिकला गाणं येत नव्हतं. पण ओ तर द्यायलाच हवी, म्हणून तोही काहीबाही जुळवायचा, आणि वरून कडूबाईचं हसू हौदात पडायचं. ज्यांच्या घरचा हौद असायचा ती माणसं अंगणात उभी राहून ऐकायची. एकीनं तर विचारलंही होतं, "तुम्ही भजनी मंडळातले का?" कडूबाई म्हणाली होती, "नाय बाई, आम्ही गाळ काढणारे."

या पावसाळ्यानंतर तिची साद तुटू लागली. ओवी अर्ध्यावर राहायची, बादली अर्ध्यावर लटकायची. घाटीतल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि पुंडलिकला बाजूला घेऊन सांगितलं, फुप्फुसं आखडत चाललीत. ती मागं फिरत नाहीत. औषधानं जाणं थोडं सोपं होईल, इतकंच. लेक मोनाली लासूर स्टेशनला दिलेली. तिनं आणि पुंडलिकनं फोनवर ठरवलं, आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. दमा आहे म्हणायचं. थंडीत उठतो, उन्हाळ्यात बसतो.

कडूबाईनं उलटून काही विचारलं नाही. तिनं धोशा लावला तो दुसऱ्याच गोष्टीचा. "सोसायट्या आता मशीनवाल्यांनाच बोलवायल्यात. आपण मशीन घ्यायची. याच महिन्यात घ्यायची." पुंडलिकला वाटलं, बाईला धंदा वाढवायची उमेद आहे. उमेदीचा माणूस जगतो, असं त्यानं मोनालीला फोनवर सांगितलं. मोनाली तिकडं रडली.

"बसा मावशी," अभयनं स्टूल पुढं सरकवलं. कोपऱ्यात काकासाहेब नावाचे एक शेतकरी आपला फवारणीचा पंप दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते. त्यांनी पाय आखडून जागा केली.

अभयनं पहिली दाखवली ती पेट्रोलवर चालणारी, लाल रंगाची, दांडगी. "लाइट नसली तरी अडत नाही काका. वर्कशॉपवाले हीच नेतात."

"धूर सोडती का?"

"इंजिन म्हटल्यावर सोडणारच."

"मग हौदाजवळ नाय चालायची. आतला माणूस मरंल."

"बरोबर," म्हणत अभयनं ती बाजूला केली आणि विजेवरची पुढं ओढली. घरातल्या प्लगवर चालणारी, चाकं असलेली. पाइप पिंपात सोडून त्यानं बटण दाबलं. मशीन घर्रर्र करून उठली, आणि मागच्या फरशीवर पाण्याचा पंखा उघडला.

"प्यायला पानी नाय गावात," काकासाहेब म्हणाले, "अन् हे बघा, फरश्या न्हायला बसल्या."

"अवं पाव्हणं, त्यासाठीच घ्यायली," कडूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "खराट्यानं धुवायला हिच्या दुप्पट पानी जातंय. विचारा यांना."

पण पुंडलिकचं लक्ष पाण्याकडं नव्हतं. "कडू," तो म्हणाला, "तू तिथं दाराशी हो. अन् घाल साद."

"हितं? दुकानात?"

"घाल की. ऐकू येती का बघू."

कडूबाई उठली. दाराशी गेली. आंधारल्या हौदामंदी, असे तिचे ओठ हलले. पुंडलिक मशीनजवळ मान वाकडी करून उभा होता, पाखराची चाहूल घ्यावी तसा. मग त्यानं मान हलवली.

"लई वाजती ही. दुसरी दाखवा."

दुसरी चालू झाली. कडूबाईनं पुन्हा साद घातली. पुंडलिकनं पुन्हा मान हलवली. तिसरी आली. तिच्या मोटारीवर जाड आवरण होतं, म्हणून आवाज जरा दबका होता. अभयला आता धंद्यापेक्षा काळजी वाटायला लागली होती. दाराशी उभ्या असलेल्या बाईचा ऊर भात्यासारखा वरखाली होत होता.

"काका, हिच्यापेक्षा शांत मशीन मिळणार नाही. ही घरातल्या मिक्सरएवढीच वाजते."

"मग मिक्सरपेक्षा कमी वाजनारी दाखवा."

काकासाहेब हसले. "मग हातातच घ्या की ब्रश, तो लई शांत."

पुंडलिक हसला नाही. त्यानं वाकून त्या मशीनवर हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. जणू तिला समजावत होता, जरा हळू बोल बाई, जरा हळू, मला माझ्या माणसाचं ऐकायचंय.

कडूबाई परत आली आणि स्टुलावर टेकली. तिनं अभयला हातानंच खूण केली, बंद कर. घर्रर्र थांबलं. दुकान एकाएकी मोठं झाल्यासारखं वाटलं.

"आवं, मशीन नाय वाजत," ती म्हणाली. "माझाच आवाज उरला नाय."

"थंडी हाय म्हणून. उन्हाळ्यात—"

"दादा," तिनं पुंडलिकला अर्ध्यावर सोडून अभयला विचारलं, "माणूस आत न उतरता हौद धुता येतो, असं काही हाय का तुमच्याकडं?"

"आहे ना मावशी." अभयनं भिंतीवरून एक लांब नळी उतरवली. पुढचं टोक वाकडं, त्याला फिरता फवारा. "तोंडाशी उभं राहून ही आत सोडायची. फवारा चारी बाजूंनी फिरतो. गाळ ओढायला हा छोटा पंप, तोही वरूनच सोडायचा. एका माणसाचं काम. आत जायचीच गरज नाही, म्हणजे धोकाही नाही."

"म्हणजे वरून हाका मारायला कुनी नको?"

"कशाला लागेल?"

"मग हीच द्या."

"नगं," पुंडलिक म्हणाला.

"का?"

"कोपऱ्यात नाय पोचायची. हातानं घासल्याबिगर शेवाळ निघत नाय. अन् आपुन दोन माणसं हावोत. एकाची मशीन कशाला?"

"मी काय विचारायले, तेवढं सांगा. दोन माणसं कुठवर?"

पुंडलिकनं एकदा अभयकडं, एकदा काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेब स्वतःच्या चपलांकडं बघायला लागले. अभय नळी पुसत राहिला. ती आधीच स्वच्छ होती.

"मोनाली बोलली का तुला?" पुंडलिकनं अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"तिला कशाला बोल लावता? ती फोनवर नुसती 'जेवली का' विचारते अन् हुंदका गिळते. अन् तुम्ही! मी झोपले की माझ्या नाकापुढं तळहात धरून बसता. रोज. मला वाटायचं, आज हात मागं घेतील, उद्या घेतील. हौदात माणूस जिता हाय का, ते मी जन्मभर बघितलं. मला नाय कळणार, माझ्या तोंडाशी कोण कशाला बसलंय ते?"

जन्मभर पुंडलिकनं तिच्या प्रत्येक सादेला काहीतरी जुळवून ओ दिली होती. आता शब्द शोधत त्याची जीभ कोरड्या हौदाच्या तळाशी फिरत राहिली आणि रिकामीच वर आली.

"तुम्ही माझ्यामागं हौदात उतरायचं नाय," कडूबाई म्हणाली. प्रत्येक शब्दामागं ती थांबत होती. "दुसऱ्या कुनाला तोंडाशी बसवाल. तो बिडी प्यायला जाईल, फोनवर बोलत बसंल. तुम्ही आत गप पडाल, अन् त्याला पत्ता नसंल. मला त्याचा घोर लागलाय. बाकी कशाचा नाय. ही नळी घेतली तर मला झोप लागंल."

"अन् मला?"

"तुमचं तुम्ही बघा. मी काय सगळंच बघू?" असं म्हणून ती हसली आणि त्या हसण्यानं तिला खोकला लागला. अभयनं पाण्याचा ग्लास आणला. ती घोट घोट पाणी प्याली, आणि दुकानातले तिघं पुरुष त्या घोटांकडं बघत राहिले.

"चालवून बघा काका," अभय म्हणाला. "घ्यायचं ते नंतर ठरवा."

दुकानाच्या मागं शेजारच्या गोदामाची भिंत होती, शेवाळानं काळी पडलेली. अभयनं मशीन तिथं नेली, लांब नळीचं वाकडं टोक काढून सरळ तोंड बसवलं, ती जोडली, पाइप पिंपात सोडला. कडूबाईचं स्टूल काकासाहेबांनी उचलून मागच्या दारात मांडलं. पुंडलिकनं नळी हातात घेतली, मुठीतला घोडा दाबला.

नळीनं झटका दिला. पुंडलिकचे हात वर गेले. फवारा आभाळाकडं उडाला, पत्र्यावर आदळला, काकासाहेब मागं सरले. पुंडलिकनं घोडा सोडला.

"बघितलं? नाय झेपत मला एकट्याला."

"परत धरा," कडूबाई म्हणाली.

त्यानं परत धरली. या वेळी नळी डावीकडं गेली, भिंत सोडून जमिनीवर, आणि मातीचा चिखल त्याच्याच पायांवर उडाला. "हे बघ. दुसरा माणूस लागतोय धरायला. एकानं मागं धरायची, एकानं पुढं. मी म्हणत व्हतो—"

अभय पुढं यायला निघाला होता. कडूबाईनं हातानं त्याला थांबवलं. ती पुंडलिककडं बघत होती. गाळानं भरलेली बादली खांद्यावरून वर देणारे, ओल्या शिडीवर एका हातानं तोललेले हे हात तिनं किती वर्षं बघितले होते. त्या हातांना हे झेपत नाही, हे ती कशी मानणार?

"झेपतंय तुम्हाला," ती म्हणाली.

"नाय गं."

"झेपतंय. माझ्यासमोर नाटकं करू नका. पाय फाका. नळी काखेत दाबा. अन् धरा नीट."

पुंडलिक पाठमोरा उभा राहिला. नळीच्या टोकातून थेंब गळत होते. मग त्याचे पाय फाकले. नळी काखेत गेली. खांदे खाली आले. त्यानं घोडा दाबला, आणि पाणी सरळ गेलं. काळ्या शेवाळातून मूळ भिंतीचा पट्टा उघडा पडला, फिकट पिवळा, एकसारखा. त्याला लागून दुसरा. हात कुठंही हलला नाही.

"व्हय," कडूबाई म्हणाली. तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही. दारात उभ्या असलेल्या काकासाहेबांनी तेवढा ऐकला. तिच्या चेहऱ्यावर कसलंसं समाधान पसरत गेलं, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आईच्या चेहऱ्यावर येतं तसं.

"हीच बांधा, दादा," तिनं अभयला सांगितलं. "अन् पंपही द्या."

"काकांना थांबवू का? पुरे झालं म्हणावं?"

"धुऊ द्या."

पुंडलिक वळून बघत नव्हता. त्या भिंतीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. उद्या गोदामाचा मालक येऊन विचारेल, कुणी धुतली म्हणून. पण तो एका पट्ट्याला दुसरा पट्टा लावत कोपऱ्याकडं सरकत होता, आणि पिंपातलं पाणी हळूहळू खाली जात होतं.