वर साठलेली ऊर्जा परत मिळणेबाबत

धरणगावच्या एका जिनात आधारनं एकतीस वर्षं कापसाची हातगाडी ढकलली. खाली आवार, वर सरकी काढायच्या यंत्रांचा माळा, मध्ये फरशीचा चढाव आणि चढावावर आधार. दिवसाला वीस खेपा. सत्याऐंशी साली साठी झाली, शनिवार शेवटचा दिवस ठरला, आणि माणसाचं डोकं बिघडलं ते नेमकं त्याच आठवड्यात.

बिघडवलं बायकोनं. कलाबाई हायस्कुलात शिपाई होती. नववीच्या वर्गाबाहेर व्हरांडा झाडताना तिनं ऐकलं, की वस्तू उंचावर चढवली की चढवणाऱ्याचा जोर वाया जात नाही. तो उंचीतच साठून राहतो, त्याला स्थितिज ऊर्जा म्हणतात, आणि वस्तू उतरताना तो वेग होऊन बाहेर येतो. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं हे नवऱ्याला सांगितलं. चांगली बाई, चांगल्या मनानंच सांगितलं. पण आधारचा घास तोंडातच राहिला.

"म्हंजे मना बठ्ठा जोर वर शे?"

"सर खोटं कसाले सांगतीन?"

आता तुम्ही म्हणाल, हसून सोडून द्यायचं. पण आधारला दोन महिने एकच गोष्ट खात होती. एकतीस वर्षं ढकलून आपल्याकडे उरलं काय, तर वाकलेली कंबर. कापूस परगावी गेला, गाडी आता दुसऱ्याच्या हातात जाणार. मग आपण एवढी वर्षं केलं काय? आणि इथे तर शाळेत शिकवतात, की आपला सगळा जोर वर जागच्या जागी आहे. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कलाबाईनं शाळेच्या क्लार्ककडून अर्जच लिहून आणला. विषय: वर साठलेली ऊर्जा परत मिळणेबाबत.

जिनाचे मॅनेजर यादवराव. सरळ हाकलून द्यायचं की नाही? पण अर्ज म्हटला की त्याला उत्तर दिल्याशिवाय या गृहस्थाला चैन पडत नसे.

"जोर तुझा, मान्य," ते म्हणाले. "पण चढाव मालकाचा. चढावावर जे साठलं ते मालकाचं."

"साहेब, मी चढाव नही मांगत. फक्त मना जोर."

"आणि नेणार कशात? पोत्यात?"

"गाडीवर बठीसन खाले येसू."

यादवरावांनी चष्मा पुसला. एकतीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं तर चढावासमोरची भिंत राहील का, ही काळजी त्यांना आता खरोखरच लागली. शेवटी त्यांनी अर्जावर शेरा मारला: शनिवारी भोंग्यानंतर, एकदाच. भिंतीची जबाबदारी अर्जदाराची.

शनिवारी भोंगा झाला. हमाल, कापूस निवडणाऱ्या बाया, सगळे आवारात जमले. यादवरावांनी भिंतीला सरकीची पोती रचून ठेवली होती. चार हमाल पुढे झाले आणि म्हणाले, नाना, तुम्ही बसा, आम्ही वर नेतो.

"तुमी ढकलशात ते तुमना जोर भेटी," आधार म्हणाला. "माले मना जोयजे."

आणि कण्हत-कुथत, दोनदा थांबून, त्यानं एकट्यानं रिकामी गाडी वर नेली. माळ्याच्या तोंडाशी ती वळवली, वर बसला आणि सोडून दिली.

सुटली ती झकास सुटली. धोतराचा सोगा उडाला, तोंडावर वारा आला, आधार लहान पोरासारखा खिदळला. भिंतीजवळची माणसं पळाली. यादवरावांनी डोळे मिटून घेतले.

आणि चढावाच्या अर्ध्यावर गाडी थांबली.

कुणी धरली नव्हती. आधारचेच दोन्ही पाय खाली आले होते आणि अनवाणी टाचा फरशीवर रोवल्या गेल्या होत्या. रोज वीस वेळा रिकामी गाडी खाली आणताना तो अशाच टाचा रोवून तिला आवरायचा, खाली बाया-माणसं असायची म्हणून. आज आवरायचं नाही, हे पायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आवारात कुणी हसलं नाही. कलाबाई धापा टाकत चढाव चढून आली.

"कोठे गया मना जोर?" आधारनं विचारलं. घाबरला होता बिचारा. "वर नही, खाले बी नही. सर काय म्हनतस?"

"पुढलं माले माहीत नही," कलाबाई म्हणाली. "तास सरना व्हता. मीच घंटा वाजाडी."

ती त्याच्या पायाशी बसली. टाचा सोलवटल्या होत्या. पुसायला म्हणून तिनं एक टाच हातात घेतली आणि चटकन सोडली. मग पुन्हा धरली, दोन्ही हातांनी. टाच चांगली भाजत होती.

"आठे शे," ती म्हणाली. "हात लाव. बठ्ठा आठेच शे."

आधारनं वाकून आपल्याच टाचेला हात लावला, आणि बराच वेळ तो काढला नाही.