षष्ठीच्या दिवशी तांबी

मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीत तापसीची सकाळपासून नुसती आत-बाहेर चालली होती. आज दवाखान्यात जाऊन तांबी बसवायची होती. मिठू अडीच वर्षांची, तेवढी एक पुरे. नवऱ्याला सांगितलं, तर तो "आईला विचार" म्हणून जाळं घेऊन तळ्यावर पळाला. आणि आईला विचारायला हिची जीभच उचलेना.

त्यात हा घोळ. दिवस ठरवला तो भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात बघून. त्यात बंगाल्यांची षष्ठी कोण छापतो? सासूबाई अंगणात वडाची फांदी रोवून, ताडाचा पंखा भिजवून बसलेल्या. लेकरं राखणाऱ्या देवीचा सण, आणि सून निघालेली पाळणा थांबवायला!

फाटकाशी दवाखान्याची आशा-सेविका वच्छला हिची स्कूटी थांबली. "काऊन वं तापसी, तयार नाई झाली? नर्सबाई चालली जाईन ना!"

"कुठे जायचंय?" सासूबाईंनी विचारलं.

तापसीनं एका दमात सांगून टाकलं.

"आज?" सासूबाई कडाडल्या. "माझ्या सासूला आठ झाली. मला चार. तुला एकच जड झालं?"

"मा, त्यांना निर्वासितांच्या छावणीतून इथं आणून जंगल दिलं होतं. खोडं उपटायला हात लागायचे. आता वाटण्या होत होत आपल्याकडे धानाच्या दोन बांध्या उरल्यात. मिठूला शिकवायचंय मला." तापसीनं मिठूला जवळ ओढलं. "तुम्हाला तरी चार हवी होती का?"

सासूबाई फांदीची पानं उगाच नीट करत बसल्या. मग वच्छलाकडे वळून म्हणाल्या, "तुले किती हायेत, बाई?"

"दोन, मावशी. मंग ऑपरेशनच करून टाकलं. सासू महिनाभर बोलली नाई."

"मंग?"

"मंग काय, नातवाले खेळवाले आलीच!"

सासूबाईंना हसू आवरेना. त्यांनी मिठूला वारा घातला, "षाट, षाट" असा षष्ठीचा आशीर्वाद पुटपुटत पाणी शिंपडलं. आणि तोच पंखा तापसीवरही धरला. "मला कोणी विचारलंच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "जा. मिठू राहील माझ्यापाशी. पण षष्ठीचा उपास मोडू नकोस."

स्कूटी वस्तीबाहेर पडली तशी तापसीनं मागून विचारलं,

"दुखते का वं, वच्छलाबाई?"

"दुखते थोडंसं. घट्ट धर, समोर रस्ता खराब हाये."