पोच

“हा रिपोर्ट तुमच्याकडचाच आहे ना?” असं विचारत समोरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

अकरा वर्षांपूर्वीचा दीड पानी रिपोर्ट होता. मला तो वाचायची गरज नव्हती. ‘पोस्टमन या प्रोग्रॅममधील दोषामुळे दुपारी दोन ते पाच या वेळेतील तीनशे बारा रुग्णांच्या तपासण्यांचे निकाल कायमचे नष्ट झाले. दोष पोच घेण्याच्या भागात होता. दुरुस्ती केली आहे.’ खाली माझ्या वरिष्ठांची, म्हणजे बाईंची सही.

“आमचाच आहे,” मी म्हणालो.

आमच्या दोन्ही कंपन्या पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायच्या. त्या मीटिंगच्या दोन महिने आधी त्या एक झाल्या आणि सगळ्याच गोष्टी दोन-दोन होऊन बसल्या. दोन प्रोग्रॅमिंगच्या भाषा, दोन डेटाबेस, कामाच्या दोन पद्धती. “लग्न लागलं, आता कुणाच्या घरची भांडी ठेवायची आणि कुणाची मोडीत घालायची ते चाललंय,” असं आमची रिसेप्शनिस्ट म्हणायची. भांडी निवडायला पाच जणांची समिती होती. दोघं त्यांचे, दोघं आमचे आणि वर बाहेरून आणलेला एक सल्लागार. एकेका विषयाचा तक्ता समोर यायचा, आम्ही गुण द्यायचो. जे जिंकेल ते नव्या कंपनीचं ‘स्टँडर्ड’, उरलेलं बंद. भाषा त्यांची राहिली होती, डेटाबेस आमचा. त्या दिवशीचा विषय होता, लॅबमधले निकाल मुख्य सर्व्हरपर्यंत कशाने पोचवायचे.

आमच्याकडे त्यासाठी पोस्टमन होता. तो बाईंनी एकटीने लिहिला होता. कंपनीत येण्याआधी त्या शाळेत गणित शिकवत, म्हणून शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. पोस्टमन निकाल पाठवायचा आणि पलीकडून पोच येईपर्यंत आपल्याकडची नोंद पुसायचा नाही. मध्येच लाइन गेली, वीज गेली, तरी तो थांबायचा आणि पुन्हा पाठवायचा. त्यांच्या कंपनीकडे होतं ते तयार साधन. सगळीकडे वापरलं जाणारं, वेगवान, आणि ते चालवता येणारी माणसं हवी तेवढी मिळत. पोस्टमन येणारी माणसं जगात दोनच होती. बाई आणि मी.

“यावर तुम्हाला काही म्हणायचंय?” सल्लागाराने मला विचारलं. भरवशाच्या रकान्यापाशी त्याची पेन्सिल थांबली होती.

म्हणायला फक्त एक वाक्य होतं. दोष पोस्टमनमध्ये नव्हता, माझ्यात होता. कंपनीत लागून मला तेव्हा चार महिने झाले होते. दुपारी लॅबमधून गर्दी झाली की पोस्टमन मंदावायचा आणि लॅबवाले फोन करकरून डोकं उठवायचे. त्या दिवशी बाई सुट्टीवर होत्या. तासाभरासाठी म्हणून मी पोच तपासणं बंद केलं. भराभर निकाल जायला लागले, लॅबवाल्यांनी शाबासकी दिली, आणि त्या शाबासकीत मी ते पुन्हा चालू करायला विसरलो. दोन वाजता लाइन तुटली. पोस्टमन पाठवत राहिला आणि पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई रिपोर्ट लिहायला बसल्या तेव्हा मी त्यांच्या टेबलाशी उभा होतो.

“माझं नाव कुठे टाकणार?” मी विचारलं होतं.

“कुठेच नाही. तू अजून कायम झालेला नाहीस. माणसाच्या नावावर लागलेलं पुसलं जात नाही. प्रोग्रॅमचं काय, तो काही घरी जाऊन रडत बसत नाही.”

हे सगळं मला त्या मीटिंगमध्ये आठवलं. आणखीही एक आठवलं. त्याच सकाळी सल्लागार मला कॉफीच्या यंत्रापाशी गाठून म्हणाला होता, “स्टँडर्ड ठरवणारा बारा जणांचा कायमचा गट होणार आहे. प्रमुख म्हणून तुमचं नाव चांगलं वाटतंय. अजून नक्की नाही, पण असू द्या मनात.” ते माझ्या मनात होतं. नको तेवढं होतं.

“त्यानंतर असं पुन्हा कधी झालेलं नाही,” मी म्हणालो.

आर्किटेक्टने मान डोलावली. तो भला माणूस होता, हेका धरणारा नव्हता. “पण एकदा तरी झालं,” एवढंच तो म्हणाला. भरवशाला त्याने दहापैकी दोन गुण दिले. त्याच्या सहकाऱ्यानेही दोन. आमच्या बाजूचा दुसरा माणूस हिशेब तपासणाऱ्या विभागातला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चार लिहिलेले पाहून त्यानेही चार लिहिले.

दुपारी चारला निकालाचा तक्ता सगळ्यांना मेलवर गेला. कारणांसह. साडेचारला बाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात पाण्याचा रिकामा ग्लास होता.

“तो रिपोर्ट काढला का त्यांनी?”

“हो बाई.”

“माझाच आहे. सहीसकट.” त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. “तू काय म्हणालास?”

“म्हणालो की त्यानंतर असं कधी झालेलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुकीच्या उत्तरावर लाल रेघ ओढण्याआधी शिक्षक पाहतात ना, तसं. पण त्यांनी रेघ ओढली नाही.

“हं. ते खरंच आहे,” त्या म्हणाल्या आणि ग्लास भरायला निघून गेल्या.

घरी आलो तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीचंही, जे आजवर तिला माहीत नव्हतं. ती घड्या घालता घालता ऐकत होती.

“म्हणजे मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तुझा नवरा हुशार आहे, फक्त घाई करतो. ते हेच?”

“हेच असणार.”

“मग आता काय करणार?”

“निर्णय झालाय गं. तक्ता गेला सगळ्यांना.”

“मी निर्णयाचं नाही विचारलं,” ती म्हणाली. बाकीच्या घड्या तिने एकटीने घातल्या. एरवी चादरीचं दुसरं टोक मी धरतो.

तिसऱ्या दिवशी मी सल्लागाराकडे गेलो आणि सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकलं. पेन्सिलीने तक्त्यातले दोन आणि चार खोडून सगळीकडे नऊ केले, गुण पुन्हा मोजले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“तरीही ते सहा गुणांनी पुढेच आहेत. जाणकार माणसं किती मिळतील, यात तुम्ही मार खाता. निकाल तोच. मग मीटिंगच्या नोंदी उकरून कुणाचं भलं होणार? तुमच्या नव्या जागेसाठीही ते बरं दिसणार नाही.”

त्याने रबराने नऊ पुसले.

मी उठलो, बाहेर आलो, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. जीव भांड्यात पडला. गप्प बसल्याची लाज मला वाटतेच, पण त्या दारातून बाहेर पडताना माझी छाती हलकी झाली होती, ते आठवलं की आजही मान वर होत नाही. मी कबुली द्यायला गेलो होतो की कुणीतरी मला गप्प राहायला सांगावं म्हणून गेलो होतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी गटाचा प्रमुख झालो. बाईंना लवकर निवृत्तीचं पत्र मिळालं. पोस्टमन पुरता बंद होईपर्यंत त्यांनी थांबावं, असं त्यात होतं. एक्केचाळीस लॅब नव्या साधनावर न्यायच्या होत्या आणि ते काम बाईंशिवाय कुणाला जमणारं नव्हतं. आपल्याच हाताने उभं केलेलं त्या एकेक करून उतरवत होत्या. लॅबवाल्यांना फोनवर समजावत होत्या, “नवीन चांगलं आहे हो, पटापट चालतं. घाबरू नका.” खोटं नव्हतं ते. नवीन खरंच वेगवान होतं. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलत. कामाचं बोलत. मीच त्यांच्या टेबलाजवळून जाताना फोन कानाला लावू लागलो. फोनवर कुणी नसायचं.

चौथ्या महिन्यात समोरचा आर्किटेक्ट माझ्या खोलीत आला. आता त्याला समोरचा म्हणायचं कारण नव्हतं, तो माझ्याच गटात होता. त्याने दार लोटून घेतलं.

“पोस्टमनचा कोड वाचत होतो. सुंदर लिहिलाय. कुठे काही जास्तीचं नाही.” त्याने खुर्ची ओढली. “एक गोष्ट मात्र कळली नाही. रिपोर्टमध्ये दुरुस्ती केली असं म्हटलंय. पोच घेण्याच्या भागात पहिल्या दिवसापासून एका अक्षराचाही बदल नाही. मग दुरुस्त काय केलं होतं?”

“दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच,” मी म्हणालो. “तो भाग मी बंद केला होता. आणि चालू करायला विसरलो होतो.”

“चालू-बंद केल्याच्या यादीत तशी एक नोंद दिसली. तुमच्या नावाची आद्याक्षरं आहेत. मला वाटलं, विचारावं आधी.” त्याने खुर्ची मागे सारली. “मीटिंगमध्ये सांगितलं असतंत तर मी दोन दिले नसते. निकाल बदलला नसता कदाचित. पण मी त्या बाईंच्या तोंडावर त्यांच्या प्रोग्रॅमला बेभरवशाचा म्हणालोय. दोनदा. त्या हसल्या फक्त.”

तो गेल्यावर मी लिहायला बसलो. कुणाला विचारलं नाही. मीटिंगच्या नोंदी ज्यांना ज्यांना गेल्या होत्या, त्या सगळ्यांना मेल पाठवली. तो दोष पोस्टमनचा नव्हता. मी परवानगी न घेता पोच तपासणं बंद केलं होतं. त्यामुळे तीनशे बारा जणांना पुन्हा रक्त द्यावं लागलं. बाईंनी मला सांभाळून घेण्यासाठी रिपोर्ट तसा लिहिला. आणि समितीपुढे मी हे दडवलं. पाच वाक्यं. पाठवायचं बटण दाबलं.

उत्तरं तीन आली. एकात नुसतं ‘नोंद घेतली’. एकात सल्लागाराच्या ऑफिसने कळवलं होतं की त्यांचं काम आता संपलेलं आहे. तिसरं रिसेप्शनिस्टचं, हात जोडलेलं चित्र. ते मला जोडले होते की बाईंना, कळलं नाही.

बाई संध्याकाळी आल्या. या वेळी बसल्या.

“मेल वाचली. त्यात एक चूक आहे.”

“कोणती?”

“तीनशे बारा नाही. तीनशे अकरा जणांनी पुन्हा रक्त दिलं. एक आजोबा आलेच नाहीत.”

मी ती मेल पुन्हा उघडली.

“मी गेले होते त्यांच्या घरी. म्हणाले, एकदा टोचलं तेवढं पुरे. देवाला करायचं ते करू दे. खूप समजावलं, सून पण समजावत होती. नाहीच आले.”

“मग पुढे त्यांचं काय झालं?”

“माहीत नाही.” बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “नंतर चौकशी करावी असं पुष्कळदा मनात आलं. पत्ता होता, फोन होता. धीर झाला नाही. तुला सांभाळलं असं तू लिहिलंयस. तुला सांभाळलं ते खरं, पण मला वाटलं होतं, मामला तिथेच मिटेल. त्या आजोबांचं मी कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. लिहिलं असतं तर चौकशी झाली असती, आणि तुझं नाव आलं असतं.”

अकरा वर्षं मी समजत होतो की त्यांनी माझ्यावर एक उपकार केला आणि विसरून गेल्या. त्या रोज ते सोबत घेऊन ऑफिसला येत होत्या, हे माझ्या गावीही नव्हतं.

“बाई, मी...”

“माफी मागू नकोस. मला द्यायला लागेल, आणि आज माझ्याकडे ती नाही. पुढे कधी असेल.” त्यांनी चष्मा घातला. “मेल पाठवलीस ते बरं केलंस. शुक्रवारी शेवटची लॅब आहे. साक्षीदार म्हणून एक माणूस लागतो. येशील का?”

शुक्रवारी दुपारी सर्व्हरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाईंनी स्वेटर घातला होता, तिथे गारठा असतो म्हणून. एक्केचाळिसावी लॅब नव्या साधनावर गेली होती. पोस्टमनकडे जुने सतरा निकाल शिल्लक होते. मी म्हणालो, ते हाताने पाठवता येतील, थांबायला नको. बाईंनी नकारार्थी मान हलवली. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. सतरा, सोळा, पंधरा. नवावर आकडा अडकला, लाइन मंद होती. बाई बोटांनी स्वेटरचा काठ सारखा करत राहिल्या. वीस मिनिटांनी एकाची पोच आली, मग दुसऱ्याची. शून्य झालं तरी त्या आणखी दोन मिनिटं थांबल्या. मग त्यांनी आज्ञा टाइप केली, एकदा वाचून पाहिली आणि पोस्टमन बंद केला.

बंद करायच्या नोंदीचा कागद त्यांनी गुडघ्यावर ठेवून भरला. तारीख, वेळ, लॅबची संख्या. अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ. शेऱ्यासमोर त्यांनी लिहिलं, ‘काहीही शिल्लक नाही.’ ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. मग त्यावर एक रेघ मारली, बाजूला ‘पोस्टमनकडे काहीही शिल्लक नाही’ असं लिहिलं, आणि सहीसाठी कागद माझ्याकडे दिला.