जोडकार्बोरेटर

"बंद कर! अगं, किल्ली बंद कर!"

मेकॅनिकच्या बायकोनं किल्ली फिरवली, पण तोवर दोन्ही कार्बोरेटर उतू गेले होते. पेट्रोल टपटपत फरशीवर आलं. त्यानं लगबगीनं टाकीचा नळ बंद केला, दार सताड उघडलं आणि चिंध्यांचा बोळा घेऊन उकिडवा बसला.

गाडी सासऱ्यांची. त्यांच्यामागे ती बायकोच्या वाट्याला आली, तेव्हा कुणी उपटसुंभानं तिचे जोडकार्बोरेटर काढून भलताच एकुलता एक बसवलेला. त्या सोंगानं गाडी चालायची, पण खोकत, कण्हत. "तुझ्या बाबांच्या वेळची होती, तशी करून देईन," असा शब्द त्यानं बायकोला दिला होता. भंगारबाजार पालथा घालून जोडी मिळवली, घासूनपुसून लख्ख केली, सकाळी बसवली. मग टाकीतून पेट्रोल ओढणारा जुना पंप मेला म्हणून आजकालच्या गाडीचा दांडगा पंप आणून जोडला.

"फारच जोर आहे याला," तो पुटपुटला. "तान्ह्या पोराला घागरीनं दूध पाजल्यासारखं झालं."

"मग जुना काय वाईट होता?"

"मेलाय तो. सकाळी हूं की चूं केलं नाही त्यानं."

"काहीतरीच! चांगला टकटक टकटक करत होता की. जोडीचं पोट भरल्यावर गप्प बसला. मला वाटलं, तुम्ही ऐकलंत."

फरशी कोरडी झाली, वास विरला, तसा त्यानं जुना पंप पुन्हा जोडला, टाकीचा नळ उघडला आणि खूण केली. बायकोनं किल्ली फिरवली. त्यानं पंपावर बोट टेकवलं. बोटाखाली तो पाखराच्या छातीसारखा धडधडत होता. बोटाला कळत होतं. कानाला नाही.

बायको गाडीतून उतरून जवळ आली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ऐकू येत नाही ते."

"येतं मला ऐकू."

"मघाशी दारातून किती हाका मारल्या!"

"त्या बायकोच्या हाका. कुठला नवरा ऐकतो?"

ती हसली नाही. त्यानं मान फिरवली आणि खिळ्यावरची रबरी नळी काढली. दोन्ही कार्बोरेटरनी हवा सारखी ओढायला हवी, नाहीतर इंजिन लंगडतं. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी धरून तो आयुष्यभर ही सूं-सूं जुळवत आला होता. लांबलांबचे लोक त्याच्या या कानासाठी गाड्या आणत.

इंजिन सुरू झालं. त्यानं नळी डाव्या कानाला लावली, मग उजव्या. या कार्बोरेटरला, मग त्या. दोन्हीकडे तीच दाट, कापूस कोंबल्यासारखी गुमगुम.

बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मग त्यानं नळीचं टोक सदऱ्याला पुसलं आणि बायकोपुढे धरलं.

"तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दोघी जावा आहेत असं समज. कोण जास्त फुसफुसतेय, तेवढं सांग."

तिनं केस कानामागे सारले, डोळे मिटले. "ही. थोरली."

त्यानं स्क्रू केसभर फिरवला.

"आता धाकटी चढलीय."

पुन्हा केसभर. पुन्हा. थोरली, धाकटी, थोरली करत त्याचं लक्ष स्क्रूवरून तिच्या चेहऱ्याकडे गेलं. कपाळावरची आठी हळूहळू विरत होती. नळी इकडून तिकडे, तिकडून इकडे नेली, तरी चेहरा हलला नाही. तिचा हात आपसूक वर आला. त्यानं स्क्रू सोडला.

"आता गाडी कशी वाटते?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "बाबा फाटकातून आत वळायचे ना, तश्शी. आम्ही खेळ टाकून धावायचो, तश्शी."

तो स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिला.

"पुन्हा सांग."

"ऐकू नाही आलं?"

"आलं," तो म्हणाला. "तरी सांग."