एकसारखे चार शर्ट

तिसऱ्या बटणाला हलकी निळी झाक होती — कोरिनने ते अंगठ्याने चाचपलं, मग शेजारच्या हँगरवर तोच शर्ट, तेच बटण, त्यापलीकडे पुन्हा तोच... चार. बरबँकच्या स्टुडिओत, उन्हात कपडेपटाचा ट्रेलर तापला होता. प्रसंगाला शर्ट एकच पुरतो. चार लागतात ते रक्तासाठी. एक टेक फसला की दुसरा कोरा हवा.

"लूपे, हे माझे?"

कपडेपट सांभाळणारी लूपे इस्त्रीवरून मान वर करेना. "मला कशाला विचारतेस, बाई? वरून सांगितलं, मी आणले."

म्हणजे मी साकारते ती डॉक्टर ॲडेल मरणार. मी मरणार.

तीन सीझन त्या पोलीस मालिकेत ॲडेलने सहकारी जोसेफीनवरचं प्रेम मनातल्या मनात ठेवलं, आणि गेल्याच आठवड्यात, साऱ्या देशाच्या दिवाणखान्यांत, दोघींनी एकमेकींना जवळ घेतलं... तेवढंच सुख. तेही डोळ्यांत खुपलं? हिरो डॉयल दर सीझनला नवी बाई आणतो, मेल्याला साधी सर्दी होत नाही!

आणि ओमाहा गावची ती मुलगी. चाहत्यांच्या मेळाव्यात आईचा हात घट्ट धरून म्हणाली होती, "ॲडेलला मारणार नाहीत ना? आमच्यासारख्यांना नेहमी मारतात." कोरिनने तिला शब्द दिला होता — मार्गोच्या शब्दावर. मार्गो, मालिकेची कर्तीधर्ती, जिच्या स्वतःच्या घरी बायको आहे, तीच म्हणाली होती, "वेडी का तू? माझ्या हातून होईल का हे?" परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिने केसाने गळा कापला.

मार्गो आली तीच हसत. "कळलंच का? मीच सांगणार होते गं. चॅनेलवाले ऐकेनात."

"तू भांडलीस?"

"ॲडेल गेली की डॉयलला सुडाचं कारण मिळतं. अगं, काय सुंदर मरण लिहिलंय तुला! बक्षीस घेशील बघ."

"भांडलीस का, विचारतेय."

मार्गो फोन बघू लागली.

म्हणजे माझं मरणसुद्धा डॉयलच्या कामाचं. आणि ती पोर आईशेजारी बसून बघणार, मी दिलेला शब्द मनात धरून... उठावं, करार खड्ड्यात गेला म्हणावं, चालू लागावं — पण कोरिन बसूनच राहिली. संताप होताच, आणि आत कुठेतरी एक निर्लज्ज नटी शांतपणे विचारत होती, गोळी लागल्यावर जोसेफीनचं नाव पूर्ण घेऊ, की अर्ध्यावर सोडू... अर्ध्यावर. अर्ध्यावर सोडलं तर ती पोर जास्त रडेल.