अंगणात मांडलेलं घर

त्या शनिवारी सेमिसीचं सगळं घर अंगणात आलं होतं. त्याची मुलगी आना चौदा वर्षांची. तिच्या शाळेत परदेशी शाळांतून फोटो आले होते: घरातली एकूण एक वस्तू दारात मांडून उभी असलेली माणसं. नॉर्वेतल्या मुलीला एकटीची खोली आणि आठ जोड बूट. बोलिव्हियातली चार भावंडं एकाच खाटेवर झोपत, पण दारात सव्वीस मेंढ्या. आता आमच्या टोंगा बेटांची पाळी होती.

कढई, बायबल, शिलाई यंत्र बाहेर आलं. आनाच्या आईनं, लुपेनं, आजीच्या हातच्या चटया पुढं अंथरल्या. सेमिसी आणि थोरला मुलगा काहो यांनी सौरपट्टीवर चालणारा छोटा फ्रिज उचलून आणला. त्यात लुपेचं तीन महिन्यांचं इन्सुलिन असे. त्या बाटल्या तिनं तेवढ्यापुरत्या ओल्या फडक्यात गुंडाळून वाडग्यात ठेवल्या.

फोटो काढायला शाळेतले मास्तर यायच्या आधीच पलीकडच्या बेटावरून आत्या आली. वाइमोआना, सेमिसीची थोरली बहीण. बुधवारी तिच्या लेकीचं लग्न होतं. आमच्यात भावाच्या घरातलं काहीही बहिणीनं मागावं आणि भावानं मान खाली घालून द्यावं. आणि चटया अंथरून अंगणात जे मांडलं जातं, ते देण्यासाठीच मांडलं जातं.

आत्याचे डोळे भरून आले. "सेमिसी, एवढं सगळं? माझ्या पोरीसाठी?"

हे फोटोसाठी आहे, असं सांगणं म्हणजे तिच्या तोंडावर नकार देणं.

"घेऊन जा, ताई," सेमिसी म्हणाला.

आत्या हावरट नव्हती, हे सांगायलाच हवं. शिलाई यंत्र लुपेला लागेल म्हणून तिनं ठेवून दिलं. चटया आणि फ्रिज एवढंच नेलं. फ्रिज होडीत चढेपर्यंत लुपे वाडगं पाठीमागं लपवून हसत उभी होती.

गावातल्या दुकानात कोंबडीचं मांस गोठवून ठेवायची बर्फाची पेटी होती. सेमिसीनं बाटल्या तिच्यात ठेवल्या. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, हे त्याला किंवा लुपेला कुणी सांगितलं नव्हतं. लुपे ते वितळवून रोज विश्वासानं टोचून घेत राहिली. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला. दवाखान्याच्या बेटाकडे नेताना होडीतच ती गेली.

देवानं बोलावलं, असं लोक म्हणाले. मला ते पटत नाही. देवाच्या नावावर आपलं पाप खपवायची आपल्याला सवयच आहे.

मातीला आलेली आत्या सगळं कळल्यावर मटकन खाली बसली. "एका शब्दानं सांगायचं होतंस रे. मी तिच्या जिवावर उठले असते का?"

"तो शब्दच मला कुणी शिकवला नाही, ताई," सेमिसी म्हणाला.

आना दाराआडून ऐकत होती. उद्या काहोला मुलं होतील आणि त्यांच्या घरात आत्याचा मान तिलाच मिळेल. काहो किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. दोन वर्षं समुद्रात बुड्या मारून मिळवलेल्या पैशांतून त्यानं होडीला इंजिन घेतलं होतं. आना त्याच्यापाशी गेली.

"दादा, मला तुझं इंजिन हवंय."

काहोनं जाळं खाली ठेवलं, पाना घेतला आणि इंजिनाचे नटबोल्ट सैल करू लागला. आनाला ते बघवेना. तिनं पान्यावर हात ठेवला.

"दादा, नाही म्हण."

"तुला? असं कसं म्हणू?"

"म्हण. माझ्या हट्टापायी उद्या तुझ्या घरातलं कुणी मरायला नको. आज मला नाही म्हण, उद्या मी तुझ्या मुलांनाही तेच शिकवीन."

काहोनं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा तो "नाही" म्हणाला, आणि आई गेल्यापासून टिपूसही न गाळलेला तो वीस वर्षांचा गडी बहिणीसमोर हमसाहमशी रडू लागला.